वसंतातलं श्रमदान: काय बघायचं, काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यात साकोलीकडचं गाव, गावाला लागून मामा (माजी मालगुजारी) तलाव, पाळीच्या म्हणजे तलावाच्या बांधाच्या पलीकडे झुडपी जंगलाचा तुकडा. ग्रामसभेनं तो राखायचं ठरवलं आहे. गावातली काही पोरं-पोरी फेब्रुवारी ते मे दर रविवारी श्रमदान करणार आहेत आणि त्यांनी कामांची यादी केली आहे: पालापाचोळा झाडून जंगल साफ करणे, वाळकी झाडं तोडणे, तलावाकाठची बेशरम आणि जंगलातली रायमुनिया (घाणेरी) ही बाहेरून आलेली झुडपं उपटणे, सिमेंटचा पाणवठा बांधणे, रोपं लावणे. या दिवसांत काय बघायला मिळेल आणि ते कसं बघावं, हेही विचारलं आहे.

यादीतली पहिली दोन कामं आजच खोडून टाका. रायमुनिया आणि रोपं पुढे ढकला. पाणवठ्याचा फेरविचार करा. उरली बेशरम; तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. आणि यादीत नसलेलं एक काम, वणवा अडवण्याचं, ते सगळ्यात वर घ्या. तुमचा हुरूप मोडायचा नाही मला. पण आपल्याकडे होळीच्या आगेमागे कितीतरी पक्ष्यांची वीण सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी माणसाला जंगल ‘साफ’ करायची हुक्की येते.

पालापाचोळा अंगणात कचरा असेल, जंगलात नाही. सागाच्या रुंद पानांखाली ओल टिकते. तिथं बेडूक, सापसुरळ्या, विंचू उन्हाळा काढतात. तितर आणि रानकोंबड्या तोच पाला पायानं उकरून वाळवी खातात. रातवा तर घरटं बांधतच नाही. जमिनीवर, पाल्यात, दोन अंडी घालून मादी वर बसून राहते. अंगाचा रंगच वाळल्या पानाचा, त्यामुळे तुम्ही दोन हातांवरून गेलात तरी ती उडत नाही. झाडूचा एक फटकारा बसला की ती वीण संपली. उचलायचं असेल तर प्लास्टिक उचला, गुटख्याच्या पुड्या उचला, आणि सगळ्यात आधी दारूच्या फुटक्या बाटल्या. पोती भरतील, बघा.

वाळक्या झाडाचंही तेच. मेलेलं झाड उभं असतं तोवर ते भाड्यानं दिलेल्या चाळीसारखं भरलेलं असतं. तांबट आणि सुतार मऊ झालेल्या लाकडात ढोली कोरतात; पोपट, पिंगळे, साळुंक्या जुन्या ढोलीत शिरतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. त्यानंतर धनेशाची पाळी. धनेशाची मादी ढोलीत जाऊन बसते आणि आतून विष्ठा नि फळांच्या गरानं तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. नर वडाची, पिंपळाची, उंबराची फळं घशात साठवून आणतो आणि फटीतून एकेक आत देतो. हे बघायचं असेल तर पन्नास-साठ पावलांवर झुडपाआड बसा आणि नर दोन खेपा करेपर्यंत हलू नका. तुम्ही फार जवळ असाल तर तो शेजारच्या झाडावर फळ घेऊन ताटकळतो, आत येत नाही. तो ताटकळलेला दिसला की समजायचं, आपण मागे सरायला हवं. अशा ढोलीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, जागा तर सांगायचीच नाही.

बघण्याची सुरुवात मात्र पळसापासून करा. दुर्बीण नसली तरी चालतं. फुलांनी लदलेला एक पळस निवडा, उजाडल्यावर सूर्य पाठीशी घेऊन वीसेक पावलांवर बसा आणि कोण येतं यापेक्षा आल्यावर काय करतं ते बघा. शिंजीर फुलाशी लटकून मध पितो. पोपट फूल देठापासून खुडतो, बुडाशी चोच दाबून रस घेतो आणि फूल खाली टाकून देतो. सातभाई टोळीनं येऊन गोंधळ घालतात. कोतवाल मधासाठीही येतो आणि मधावर आलेल्या किड्यांसाठीही. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडे परतण्याआधी पळसावर उतरतात. त्यांना पळसमैना म्हणतात ते काही उगीच नाही. फांदीवर वानरं असतील तर खाली बघायला विसरू नका. ती अर्धी फुलं खातात, अर्धी सांडतात, आणि ती सांडलेली फुलं वेचायला चितळं येतात. चितळांना आयती फुलं मिळतात, वर बसलेल्या वानराच्या नजरेचा पहाराही मिळतो. होळीच्या रंगासाठी पळसफुलं हवी असतील तर खाली पडलेलीच वेचा, फांद्या ओरबाडू नका. आणि होळीत जाळायला उभं झाड, वाळकं असलं तरी, या तुकड्यातून जाणार नाही हे पाटील-सरपंचांकडून आधीच वदवून घ्या.

तलावावर बदकं बघायची असतील तर उशीर करू नका. तलवार बदक, थापट्या, लालसरी हे पाहुणे मार्च सरता-सरता उत्तरेकडे निघून जातात. भुवई बदक थोडं जास्त रेंगाळतं. अडई, काणूक, हळदी-कुंकू, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे घरचेच, ते राहतात. पाणी जसं मागे हटतं तसा काठाचा चिखल उघडा पडतो आणि तिथं शेकाटे, तुतवार, चिखले फिरायला लागतात. मुग्धबलाक गोगलगाई शोधत येतो. कधी सारसाची जोडी उतरली तर लांबूनच बघा. राज्यात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरला आहे. त्याची वीण पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत होते, पण उन्हाळ्यात तो तलावांच्याच आधारानं राहतो.

याच उघड्या पडलेल्या जमिनीवर टिटवी अंडी घालते, आणि इथं स्वयंसेवकांचा पाय सगळ्यात जास्त घात करतो. घरटं म्हणजे चार खडे सारून केलेला उथळ खळगा. अंडी चारच, मातकट, काळे डाग असलेली, टोकं आत वळवलेली. समोर असूनही दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून टिवटिव करत असेल तर घरटं जवळ आहे. ती गप्प होऊन धावत लांब गेली तर तुम्ही त्याहून जवळ आहात. तिथंच थांबा, पायाखाली बघा आणि आल्या वाटेनं मागे फिरा. भर दुपारी मादी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते, त्यांना थंडावा द्यायला. तिला तुम्ही पंधरा मिनिटं घरट्याबाहेर रोखलं तर मे महिन्याच्या उन्हात अंडी शिजतील. खूण म्हणून काठी रोवू नका, कावळे आणि कुत्री खुणा लवकर शिकतात. वहीत नकाशा काढा आणि तेवढा भाग कामातून वगळा.

आता बेशरम. हे काम खरंच या दिवसांतलं आहे, कारण पाणी ओसरलेलं असतं आणि चिखल अजून मऊ असतो. विळ्यानं वरून कापण्यात अर्थ नाही, ती दुप्पट फुटते. टिकास-सब्बल घेऊन मुळासकट काढावी लागते. काढलेली काडी ओल्या मातीला टेकली की परत मूळ धरते, म्हणून लगेच पाळीच्या वर, खडकाळ कोरड्या जागी नेऊन पसरा. पूर्ण वाळली की कुंपणाला वापरा; तिथंच पेटवू नका. तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. सगळा काठ एका हंगामात मोकळा करायचा हट्ट नको. बगळे, पाणकोंबड्या बेशरमीच्या आडोशाला असतात. दुसरा आडोसा तयार होईपर्यंत एक-तृतीयांश काढला तरी पुरे.

आणि नुसती काढून उपयोग नाही. मोकळ्या जागी कमळ, कुमुद, देवधान, पाण्याखाली वाढणारं हायड्रिला अशा देशी वनस्पती आल्या नाहीत तर दोन पावसाळ्यांत बेशरम परत येते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या लोकांनी हेच केलं: बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, त्यातून मासळीही सुधारली आणि पक्षीही आले. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत धरते, कुठला मासा तिच्यात अंडी घालतो, हे तुमच्या गावचे ढीवर मला आणि तुम्हाला शिकवतील. तलावाची मासेमारी त्यांच्या संस्थेकडे असते. त्यांना न विचारता पाण्यातलं एक पातंही उपटू नका. बांध आणि पाणी बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या पाटबंधारे विभागाकडे, झुडपी जंगलाच्या जमिनीवर वनखात्याचा किंवा महसूलचा शिक्का, आणि निस्तार, म्हणजे लाकूडफाटा-चराईसारखा वापराचा हक्क, गावाचा. म्हणून ठरावाची प्रत घेऊन वनरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधीच भेटा. लेखी परवानगी नसेल तर कुऱ्हाड, टिकास काहीच आत न्यायचं नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय पाऊलही नाही.

वणव्याकडे येतो. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम हंगाम सुरू व्हायच्या आधीचं आहे. तुकड्याच्या कडेनं आणि गाडीवाटेच्या दोन्ही अंगांनी आठ-दहा फूट रुंद पट्टा पाला ओढून मोकळा करायचा. झाडू इथं चालवा, हवा तेवढा. घरटी नाहीत ना एवढं आधी बघून घ्या. वनखातं असा पट्टा, म्हणजे जाळरेषा, जाळून काढतं. ते त्यांचं काम, तुम्ही काडी लावायची नाही. वाऱ्यानं नवा पाला येऊन पडतो, म्हणून पट्टा पंधरा दिवसांनी पुन्हा ओढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. फोटोत काहीच दिसत नाही. पण तुकडा राहतो तो याच कामानं.

आपल्याकडच्या जंगलात आग क्वचितच आपोआप लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात, पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि मग तो आवरत नाही. एप्रिलअखेर तेंदूच्या हंगामाआधी नवी पालवी चांगली यावी म्हणून काही जण आग लावतात. त्यात भर बिडीच्या थोटकाची. इथं पोरांनी जाऊन बायाबापड्यांना दटावलं तर काम कायमचं बिघडेल. मोहफुलं हा कित्येक घरांचा उन्हाळ्याचा पैसा आहे. त्याऐवजी मोह फुलायच्या आधी त्यांच्याबरोबर जा आणि कोणाचं झाड कोणतं हे विचारून प्रत्येक झाडाखालचा घेर स्वतः झाडून द्या. जुनी लुगडी किंवा हिरवी शेडनेट खाली पसरली तर फुलं माती न लागता मिळतात आणि वेचायलाही वेळ लागत नाही. ज्या बाईला ही सोय पटली ती दुसऱ्या वर्षी तुमच्याआधी काडी विझवेल. तेंदूसाठी झुडपांची जमिनीलगत छाटणी केली की कोवळी पानं येतातच. ग्रामसभेनं हंगामाआधी ते काम रोजीवर काढावं.

आग लागलीच तर आधी फोन: वनरक्षकाला, आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर. मग हिरव्या डहाळ्या घेऊन, वारा पाठीशी ठेवून, आगीच्या बाजूंनी मारत पुढे जायचं. तोंडासमोर उभं राहायचं नाही. भर दुपारी, वारा फिरता असेल तर पोरांनी आत शिरायचंच नाही, जाळरेषेवर थांबून ती ओलांडू द्यायची नाही एवढंच. सुती कपडे, पायात बूट. विझल्यावर जुने ओंडके संध्याकाळपर्यंत धुमसतात, त्यांच्यावर माती लोटेपर्यंत घरी जायचं नाही.

मोहाखाली एक धोका आगीहून मोठा आहे. रात्री वटवाघळं मोहावर येतात, फुलांचा गर खातात आणि जाता-येता परागीभवनही करतात. खाली पडलेल्या फुलांवर चितळं येतात, उदमांजर येतं आणि अस्वल येतं. अस्वल पहाटेपर्यंत खात राहतं आणि मान खाली घालून खाताना त्याला माणसाची चाहूल लागत नाही. एकदम समोर आलं की ते पळत नाही, अंगावर येतं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला. त्यात नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका हे तुकडे आहेत, आणि त्यांच्या मधल्या शेताजंगलांतून जनावरांची ये-जा असते. तुमचा झुडपी तुकडा लहान म्हणून तिथं वाघ-बिबट येणार नाही असं धरून चालू नका. चांगलं उजाडल्याशिवाय आत जायचं नाही, एकट्यानं नाही, बोलत-खाकरत जायचं. वाकून वेचणाऱ्या माणसांपाशी एक जण उभा राहून नजर ठेवणारा असावा. हेही श्रमदानच आहे, आणि मला विचाराल तर रोपं लावण्यापेक्षा वरचं.

पाणवठ्याचं: तलावात मेपर्यंत पाणी टिकत असेल तर बांधू नका. गावाजवळ नवं पाणी म्हणजे जनावराला गावाकडे बोलावणं, आणि त्यामागोमाग कुत्री. तलाव एप्रिलमध्येच आटत असेल तरच, वनखात्याला सोबत घेऊन, गावापासून लांबच्या अंगाला करा. आकार बशीसारखा उतरता ठेवा, म्हणजे पिल्लू पडलं तरी चालत बाहेर येईल. उभ्या भिंतीचं टाकं झालं की त्यात ससे-सरडेसुद्धा बुडतात. जुनं असं टाकं असेल तर आत दगडांचा उतार रचून द्या. घासताना ब्लीचिंग, साबण काही नको, काथ्या पुरे.

पाणवठ्याची रोजची फेरी मात्र हवी, कारण शिकारी पाण्यात युरिया किंवा विष टाकतात. काठावर मेलेले बेडूक, मासे, मधमाश्या, पाण्याला विचित्र फेस, जवळपास पांढरे दाणे, अशातलं काही दिसलं तर पाण्याला हात लावायचा नाही, गावची गुरं लांब ठेवायची आणि लगेच वनरक्षकाला कळवायचं. विजेच्या तारेवर टाकलेला आकडा किंवा पायवाटेलगत ताणलेली बारीक तार दिसली तरी तेच. स्वतः सोडवायला जाऊ नका, तिच्यात प्रवाह असू शकतो.

याच फेरीत बघण्याची सगळ्यात स्वस्त युक्ती करता येते. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर तीन-चार फूट लांबीचा पट्टा संध्याकाळी चाळलेल्या मातीनं सपाट करा. सकाळी वाचा. मांजरकुळाच्या ठशात चार बोटं आणि नखं नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात, आणि तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून स्पष्ट मोठा असतो. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलाची आठवण करून देतो, पुढच्या पायाची नखं मात्र बोटांपासून लांब टोचलेली दिसतात. साळिंदर गेलं तर ठशांजवळ काटा सापडतो. तारीख, वेळ, ठसा कुठून कुठं गेला, एवढं वहीत. सोबत पहिला पळस कधी फुलला, कुसुमाची लाल पालवी कधी आली, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला. दोन-चार वर्षांत ही वही वनखात्यालाही हवीशी वाटेल. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर त्या खोट्या शत्रूशी भांडत बसतो आणि पिल्लं उपाशी राहतात. बुद्धपौर्णिमेला वनखातं मचाणावर बसायला लोकांना घेतं, त्यासाठी नाव मात्र जरूर नोंदवा.

किरकोळ पण चुकवू नये असं: एप्रिलपासून काम सकाळी सहा ते नऊ, नंतर घरी. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि आंबील. बेहड्यावर किंवा काटेसावरीवर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला धूर नाही, अत्तर-स्प्रे नाही. गावच्या मोकाट कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घ्या आणि ती तुकड्यात शिरणार नाहीत एवढं बघा. चितळाचं पाडस बिबटापेक्षा कुत्र्यांच्या तोंडी सहज जातं.

रायमुनिया दिवाळीच्या आधी, माती ओली असताना काढा. बुंध्याच्या खाली, जमिनीत दोन-तीन बोटं खोल मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. उन्हाळ्यात तिच्या दाट सावलीत अस्वल किंवा रानडुक्कर झोपलेलं असू शकतं, म्हणूनही आता नको. रोपांचं म्हणाल तर मार्चमध्ये लावलेलं रोप मेमध्ये मरतं, त्यावर टँकरचं पाणी घालणं हा पैशाचा नास. बी जमवा. पळसाच्या शेंगा मेमध्ये पडतात, त्या वाळवून ठेवा. मोहाचं बी, आपल्या टोऱ्या, जूनच्या सुमारास पडतात आणि फार दिवस टिकत नाहीत; साठवून ठेवल्या तर उगवत नाहीत. पहिला दमदार पाऊस झाला की पडलेल्या टोऱ्या त्याच आठवड्यात, जिथं झाड हवं तिथंच, बोटभर खोल पुरा आणि वर काटेरी फांदी टाका, म्हणजे गुरं आणि रानडुकरं तिथं तोंड घालणार नाहीत.